पडद्यावर ‘मी’ कुठे जाते?

ताई,

मी सांगलीत बारावीला आहे. पाचवीपासूनची माझी जिवलग मैत्रीण तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीये. कारण ऐकून तुम्हाला पोरकट वाटेल. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी मराठीच्या सरांनी आम्हा दोघींना मिळून एक लेख लिहायला सांगितला: यंग अ‍ॅडल्ट (म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या) कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे सिनेमे. ‘हंगर गेम्स’ची तिन्ही पुस्तकं मी दोनदोनदा वाचलीत. तिने फक्त सिनेमे पाहिलेत. ती म्हणाली, कॅटनिसचं पीटावर गुहेतच प्रेम बसलं होतं, दिसतंच की. मी म्हटलं, ते नाटक होतं, पुस्तकात सरळ लिहिलंय. मग ती म्हणाली की ‘डायव्हर्जंट’ काय नि ‘हंगर गेम्स’ काय, सगळं एकच, एक मुलगी आणि एक दुष्ट सरकार. तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले की जिने पुस्तक वाचलं नाही तिने यावर बोलूच नये. तिला इंग्रजी पुस्तकं जड जातात, ती मराठी माध्यमाची आहे. पण मी चुकीचं काय बोलले? आणि तुलना करायची तरी कशी? मी फरकांची यादी काढली तर तेहतीस निघाले!

– गुहेतली, सांगली

प्रिय गुहेतली,

पोरकट अजिबात वाटलं नाही. सतराव्या वर्षी एखाद्या गोष्टीतल्या माणसांवरून जिवलग मैत्रिणीशी भांडण होतं, याचा अर्थ ती गोष्ट तुम्हा दोघींना आतपर्यंत लागली आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. ‘तिला इंग्रजी पुस्तकं जड जातात, ती मराठी माध्यमाची आहे.’ तू ते जाता जाता लिहिलंस. तिला मात्र त्या दिवशी सगळ्यांसमोर तेवढंच ऐकू आलं असणार. त्याच्याकडे मी नंतर येते. आधी गुहेत जाऊ, कारण भांडण तिथे सुरू झालं आणि तुमच्या लेखाचा खरा विषयही तिथेच आहे.

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ साली आली. पुढचे दोन भाग २००९ आणि २०१० मध्ये. पॅनेम नावाच्या भविष्यातल्या देशात बारा जिल्हे आहेत आणि त्यांच्यावर राज्य करणारं कॅपिटॉल हे श्रीमंत शहर आहे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षांचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडतात, त्या चोवीस जणांना एका रिंगणात सोडतात आणि एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं. हे सगळं टीव्हीवर थेट दाखवतात. धाकट्या बहिणीच्या नावाची चिठ्ठी निघते तेव्हा सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते. तिच्याच जिल्ह्यातला पीटा मुलाखतीत सांगून टाकतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि प्रेक्षक या जोडीसाठी वेडे होतात.

आता गुहा. पीटा जखमी होऊन तापाने फणफणलाय, कॅटनिस त्याची शुश्रूषा करतेय. ती त्याचं चुंबन घेते आणि थोड्या वेळात बाहेर एक छोटं पॅराशूट उतरतं, त्यात गरम सूपचं भांडं. पाठवणारा हेमिच, म्हणजे त्या दोघांचा मार्गदर्शक. पुस्तकात त्या भांड्याबरोबर काहीही लिहिलेलं नाही. कॅटनिस मनातल्या मनात हिशेब मांडते: एक चुंबन म्हणजे एक भांडं सूप. आणखी हवं असेल तर प्रेम आणखी रंगवायला हवं. त्याआधीही असंच झालेलं तुला आठवत असेल. तहानेने जीव चाललेला असताना ती पाणी मागते, काहीच येत नाही, आणि त्या न येण्यावरूनच ती ओळखते की पाणी जवळच असणार, म्हणून हेमिच गप्प आहे. हेमिचचं मौन वाचणं ही पुस्तकातल्या कॅटनिसची मोठी हुशारी आहे, आणि ती आपल्याला कळते, कारण आपण तिच्या डोक्यात बसलेलो असतो. पुस्तक ‘मी’मध्ये लिहिलंय, तेही चालू वर्तमानकाळात. पुढच्या क्षणी काय होणार ते तिलाही माहीत नाही आणि आपल्यालाही नाही.

२०१२ च्या चित्रपटात त्याच सूपबरोबर एक चिठ्ठी येते. हेमिच विचारतो, याला काय चुंबन म्हणतात? चिठ्ठी का आली असेल? कॅमेरा कॅटनिसच्या डोक्यात जाऊ शकत नाही म्हणून. तिने मनात लावलेला अर्थ कुठून तरी बाहेर आणायला हवा होता, तो कागदावर आणला. विषारी गांधीलमाश्यांचंही तसंच. त्या किती भयानक आहेत हे पुस्तकात कॅटनिस आपल्याला सांगते. चित्रपटात ते टीव्हीवरचा सूत्रसंचालक सीझर फ्लिकरमन त्याच्या प्रेक्षकांना समजावून सांगतो. ही युक्ती मला फार आवडते. गोष्टच टीव्हीवरच्या कार्यक्रमाची आहे, त्यामुळे समालोचन तिथे उपरं वाटत नाही. पहिल्या चित्रपटाच्या पटकथेत कॉलिन्स स्वतः सहभागी होत्या, आणि कादंबऱ्यांच्या आधी त्या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांसाठी लिहायच्या. टीव्ही कसा दाखवतो आणि काय लपवतो हे त्यांना ठाऊक होतं.

आता तुझ्या मैत्रिणीचं वाक्य पुन्हा ऐक. ‘प्रेम बसलं होतं, दिसतंच की.’

तिने काय पाहिलं? एक मुलगी आजारी मुलाच्या उशाशी बसलीये, त्याला भरवतेय, त्याच्या औषधासाठी जीव धोक्यात घालतेय. पॅनेममधल्या घराघरांत टीव्हीसमोर बसलेल्या लोकांनीही नेमकं हेच पाहिलं आणि त्यांनाही ते प्रेमच वाटलं. चित्रपटाने तुझ्या मैत्रिणीला त्या प्रेक्षकांमध्ये बसवलं. तुला पुस्तकाने कॅटनिसच्या आत बसवलं. तुम्ही दोघी एकच गुहा दोन बाजूंनी पाहत होतात आणि दोघींनी जे पाहिलं ते खरं सांगितलं. कॅटनिसला बाहेरून पाहणं म्हणजे काय हे तिला तुझ्यापेक्षा जास्त नीट माहीत आहे. पुस्तक वाचताना आपल्याला तो अनुभव मिळतच नाही, आपण सतत आत असतो.

आणखी एक. पुस्तकाच्या अखेरीला, परतीच्या गाडीतून मध्येच उतरलेले असताना, पीटाला कळतं की ते सगळं हेमिचच्या सांगण्यावरून चाललं होतं. मग स्टेशनात कॅमेऱ्यांसाठी पुन्हा एकदा हात धरायची वेळ येते, तेव्हा त्याच्या आवाजात राग नसतो, काहीच उरलेलं नसतं. हा प्रसंग पहिल्या चित्रपटात त्या रूपात नाही. तिथे दोघं घरी परतण्याबद्दल बोलतात, ती विसरायचा प्रयत्न करू म्हणते, आणि त्याला विसरायचं नसतं. म्हणजे ज्या जागी तुला पुस्तकाने उत्तर दिलं ती जागा तिच्या वाट्याला आलीच नाही. त्यासाठी तिला कमी लेखायचं कारण नव्हतं, तो प्रसंग तिला सांगायला हवा होता. आणि ‘ते नाटक होतं’ इतकं सरळ पुस्तकातही नाही, हेही बघ. कुठली चुंबनं कॅमेऱ्यासाठी होती आणि कुठलं नव्हतं, याचा गोंधळ कॅटनिसचा स्वतःचाच सुटत नाही.

म्हणून तुलनेसाठी मी तुला एकच प्रश्न देते: पुस्तकातली ‘मी’ पडद्यावर कुठे गेली? चिठ्ठीत गेली, सूत्रसंचालकाच्या तोंडी गेली, नटीच्या चेहऱ्यावर गेली, की हरवली? आणि ती गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत चित्रपटाने काय आणून ठेवलं?

या शेवटच्या भागाकडे वाचणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. अकराव्या जिल्ह्यातून रिंगणात आलेली रू मरते तो भाग घे. कॅटनिस त्या छोट्या मुलीला फुलांनी सजवते. पुस्तकात त्यानंतर तिला अकराव्या जिल्ह्याकडून एक पाव येतो. त्या गरीब माणसांनी वर्गणी काढून तो पाठवला असणार, हे तिला कळतं. एवढंच. त्या जिल्ह्यात त्या वेळी काय चाललंय ते तिला कळणं शक्यच नाही. चित्रपट मात्र कॅटनिसला सोडून थेट अकराव्या जिल्ह्यात जातो आणि तिथे उसळलेला दंगा दाखवतो. तसंच खेळ चालवणाऱ्यांची ती नियंत्रणकक्षाची खोली, आणि गुलाबांच्या बागेत आशा किती प्रमाणात द्यावी यावर बोलणारा अध्यक्ष स्नो. ‘मी’ने सांगितलेल्या गोष्टीत यातलं काही येऊ शकत नव्हतं. माझं मत विचारशील तर पाव माझ्या जास्त जवळचा आहे. तो वाचताना माझा घास अडकला होता. पण दंगा पाहिल्यावर ही गोष्ट एका मुलीची न राहता देशाची झाली, आणि ते काम चित्रपटाने फार चांगलं केलं.

आता तुझी तेहतीस फरकांची यादी. ती ठेव, पण लेखात घालू नकोस. तिच्यातला एखादाच फरक निवड, ज्याने अर्थ बदलतो. पीटाचा पाय पुस्तकात जातो, चित्रपटात राहतो, ते वाईट वाटण्यासारखं आहेच. पण मी असते तर कॅटनिसची ती मॉकिंगजे पक्ष्याची पिन घेतली असती. पुस्तकात ती पिन महापौरांची मुलगी मॅज कॅटनिसला देते, आणि दुसऱ्या भागात कळतं की ती मॅजच्या मावशीची होती, जी हेमिचच्याच वेळच्या खेळात मेली. म्हणजे त्या पिनेवर आधीच्या पिढीचं रक्त आहे. चित्रपटात मॅज नाहीच. कॅटनिसला ती पिन बाजारात मिळते, ती धाकट्या बहिणीला देते आणि बहीण निरोप घेताना ती परत तिच्या हाती ठेवते. वस्तू तीच. पुस्तकात तिला इतिहास आहे, चित्रपटात बहिणीची माया आहे. दोन तासांच्या गोष्टीत मायाच बसते, हे मला पटतं. तरी मॅज गेल्याची हळहळ आहेच.

‘सगळं एकच’ या तिच्या दुसऱ्या वाक्यावर मात्र मी तुझ्या बाजूने आहे, आणि हे तू तिला प्रेमाने दाखवून देऊ शकतेस. वरवर साम्य आहे. व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ २०११ साली आली, त्यांनी ती कॉलेजात असताना लिहिली होती. तीही ‘मी’ म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीची, ट्रिसची गोष्ट, तीही वर्तमानकाळात. पण दोघींचे प्रश्न वेगळे आहेत. कॅटनिसपुढे निवड अशी नसतेच. तिच्या घरात खायला नाही, बहिणीची चिठ्ठी निघते, ती पुढे होते. ट्रिसच्या शिकागोत माणसं पाच गटांत वाटलेली आहेत आणि सोळाव्या वर्षी भर सभेत आपला गट निवडायचा असतो, घर सोडावं लागलं तरी. तिचा प्रश्न भुकेचा नाही, ‘मी नेमकी कोण’ हा आहे. दहावीनंतर सायन्स की आर्ट्स यावरून घरी रडारड झालेल्या कुठल्याही मुलीला ट्रिस लगेच कळेल.

आणि इथे तुझ्या मैत्रिणीला सांगण्यासारखी एक गंमत आहे. ‘डायव्हर्जंट’मध्ये पडद्याला फायदा मिळतो. ट्रिसला औषध टोचून तिच्याच भीतीच्या आत सोडतात, अंगावर झेपावणारे कावळे, पाण्याने भरत जाणारी काचेची पेटी. मनाच्या आतलं तिथे आपोआप चित्र होऊनच येतं. म्हणून २०१४ चा पहिला चित्रपट त्या प्रसंगांत कमी पडत नाही.

पुढे मात्र त्या मालिकेचं वाईट झालं. तिसरं पुस्तक त्यांनी दोन चित्रपटांत वाटायचं ठरवलं, तेव्हा ती रीतच पडली होती. ‘हॅरी पॉटर’ आणि ‘ट्वायलाइट’चे शेवट तसेच दोनदोन भागांत आले, ‘हंगर गेम्स’चाही २०१४ आणि २०१५ मध्ये. ‘डायव्हर्जंट’चा तिसरा चित्रपट २०१६ मध्ये आला, तो चालला नाही, आणि चौथा निघालाच नाही. म्हणजे तुझी मैत्रीण ट्रिसच्या गोष्टीच्या अर्ध्या वाटेवर उभी आहे. शेवट फक्त पुस्तकात आहे. तो मी इथे फोडणार नाही. एवढंच सांगते, पहिल्या दोन पुस्तकांत फक्त ट्रिस ‘मी’ म्हणते. तिसऱ्यात एक प्रकरण तिचं, एक तिच्या प्रियकराचं, म्हणजे फोरचं, असे दोन ‘मी’ बोलायला लागतात. लेखिकेने असं का केलं ते शेवटाला पोचल्यावर समजतं, आणि समजतं तेव्हा पुस्तक मिटून बसावं लागतं. हे वाचायला तुझ्या मैत्रिणीपाशी आता खरं कारण आहे. ‘वाचल्याशिवाय बोलू नकोस’ यापेक्षा ‘तुला शेवट अजून माहीतच नाही, चल सांगते’ हे आमंत्रण किती वेगळं आहे बघ.

तिसरं उदाहरण घ्या असं मी सुचवेन, कारण त्यात दोघींचं पारडं समान होईल. जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ २०१२ ची. कर्करोग असलेल्या हेझलची आणि ऑगस्टसची गोष्ट. इंग्रजी चित्रपट २०१४ चा, हिंदी ‘दिल बेचारा’ २०२० चा. इंग्रजी चित्रपटातली हेझल म्हणजे ‘डायव्हर्जंट’मधलीच ट्रिस, शेलीन वुडली. त्यातला तिचा प्रियकर ‘डायव्हर्जंट’मध्ये तिचा भाऊ होता, आणि दोन्ही चित्रपट एकाच वर्षीचे! तुझी मैत्रीण हे आधीच ओळखून असेल. या कादंबरीवरच्या इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही चित्रपटांनी ‘मी’ टिकवायचा सर्वांत सरळ मार्ग घेतला, नायिकेचाच आवाज मागून ऐकवला.

पण ‘दिल बेचारा’ने त्याहून धाडसाचं काहीतरी केलं. कादंबरीत हेझल एका पुस्तकाच्या नादी लागलेली असते, जे वाक्याच्या मध्येच संपतं. पुढे काय झालं ते लेखकाला विचारायला ते दोघं अ‍ॅमस्टरडॅमला जातात. हिंदीत जमशेदपूरची किझी एका अर्धवट राहिलेल्या गाण्याच्या नादी लागलेली आहे, आणि गायकाला शोधत ते पॅरिसला जातात. अपुऱ्या पुस्तकाचं अपुरं गाणं झालं. मला हा बदल शंभर टक्के मान्य आहे. आपल्याकडे तरुण मुलगी मनातलं दुःख गाण्यापाशी ठेवते, हे किती पिढ्यांचं खरं आहे. त्या बदल्यात अ‍ॅमस्टरडॅममधलं अ‍ॅन फ्रँकचं घर गेलं. श्वास पुरत नसताना हेझल तिथले जिने चढते, कुमारवयातच नाझींच्या छळछावणीत मेलेल्या दुसऱ्या एका मुलीच्या घरात. त्या जागी ठेवण्यासारखं हिंदी चित्रपटाला काही सापडलं नाही असं मला वाटतं. हा चित्रपट आला तेव्हा त्याच्या नायकाला, सुशांतसिंह राजपूतला, जाऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. लोकांनी तो रडत पाहिला. त्या रडण्यातलं गोष्टीचं किती आणि त्याच्यासाठी किती हे वेगळं करता येत नाही, आणि लेखात तसा प्रयत्नही करू नका.

सरांना मराठी उदाहरण हवं असेल तर मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ आहे. २००४ ची कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आपल्याच पोरांच्या भाषेत सगळं सांगतो. सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. हाच प्रश्न तिथेही विचारून बघा. ती भाषा, तो मनातल्या मनात चाललेला चावटपणा आणि घाबरटपणा, पडद्यावर कुठे गेला? यावर मी काही सांगत नाही, कारण हे पुस्तक तुम्ही दोघी सारख्याच वेगाने वाचू शकता. माझ्या मते लेखाची सुरुवातच इथून करावी.

आता ते वाक्य.

मीही मराठी माध्यमातली. अकरावीत वर्गातल्या मुली ज्या इंग्रजी कादंबऱ्यांबद्दल बोलायच्या त्यांच्या दहा पानांपुढे मी जात नव्हते. शब्दकोशात एकेक शब्द बघेपर्यंत गोष्ट थंड होऊन जायची. कुणी विचारलं तर मी ‘मला नाही आवडत असलं काही’ म्हणायची. आवडत नव्हतं असं नाही, पोचता येत नव्हतं. एकदा एक चित्रपट आधी पाहिला आणि मग त्याचं पुस्तक उघडलं, तर प्रसंग ओळखीचे असल्याने अडलेले शब्द आपोआप उमगत गेले. पुरं केलेलं ते माझं पहिलं इंग्रजी पुस्तक. त्या वेळी मला कुणी ‘तू आधी सिनेमा पाहिलास, तू बोलू नकोस’ म्हटलं असतं तर मी पुस्तक परत ठेवलं असतं. हे मी तुला लाजवायला लिहीत नाहीये. तू पुस्तकावरच्या प्रेमापोटी बोललीस हे मला दिसतंय. पण तू तिला दार दाखवायच्या ऐवजी दारात उभी राहिलीस.

तीन आठवडे तू गप्प आहेस आणि तिने समजून घ्यावं अशी वाट बघतेयस. हेमिचचं मौन फक्त कॅटनिसला वाचता आलं, तेही कादंबरीत. तू चिठ्ठी लिही. मोठी नको. ‘सगळ्यांसमोर तसं बोलले ते चुकलं’ एवढं लिही, त्याच्यापुढे ‘पण’ लिहू नकोस. सगळ्यांसमोर बोलली होतीस, तेव्हा त्याच सगळ्यांसमोर एकदा तोंडानेही म्हण.

मग पुस्तक घेऊन तिच्या घरी जा. अकराव्या जिल्ह्याचा पाव येतो ते पान काढ आणि तिला वाचून दाखव, वाचता वाचता मराठीत सांगत. अडखळशील, चालेल. वाचून झालं की तिला विचार, तू दंगा पाहिलास तेव्हा काय वाटलं, आणि ती बोलेल ते मध्ये न तोडता लिहून घे. लेखाची पहिली दोन पानं तुम्हाला तिथेच मिळतील. भित्तिपत्रकावर डावीकडे तिचं लिहा, उजवीकडे तुझं, एकाच प्रसंगाबद्दल.

आणि सरांकडे उद्याच जा. लेख होणार आहे, थोडा उशीर होईल, आणि खाली दोन नावं येतील असं सांग. तिचं आधी लिही.

– तुझी ताई